अप्पांचा राजा आणि इटलीतल्या वह्या

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार. पण याच पदवीच्या तोऱ्यात मी एकदा वडिलांना गप्प केलं, तेही सांगायला हवं.

कोविडचं दुसरं वर्ष. मी ऑस्ट्रेलियात, आणि तिथल्या सीमा बंद. आदल्या वर्षी आई गेली तेव्हाही मला जाता आलं नव्हतं. अप्पा इचलकरंजीत एकटे. जन्मभर यंत्रमागावर उभे राहिलेले. फोनवर ‘जेवलात का’च्या पुढे बोलणं सरकेना, म्हणून मी इथल्या, स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरात बुद्धिबळाचा पट मांडला. रोज आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, मीटिंगा संपल्या की व्हिडिओवर डाव. अप्पा चाल सांगायचे, मी सोंगटी सरकवायची.

एके दिवशी त्यांनी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

“अप्पा, असं नाही चालत.”

“आमच्यात चालतंय की. शह बसायच्या आधी एकदा.”

“तुमच्यात चुकीचं चालतं. पुस्तकात असं नाही. शिकलेल्या माणसाला विचारा.”

“बरं. तू शिकलेली,” म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे चार दिवस उचललाच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “डबा देते गं रोज. निम्मा तसाच परत येतोय.”

माझी खोड अशी, की तरीही मला आधी बरोबर ठरायचं होतं. पुरावा दाखवायला म्हणून लायब्ररीच्या ॲपवर बुद्धिबळाचा इतिहास काढला. तिथे तो भेटला. चारेकशे वर्षांपूर्वीचा, दक्षिण इटलीतला, गरिबाघरचा माणूस. शिक्षण बेताचं. नुसत्या खेळाच्या जोरावर तो रोम, पॅरिस, लंडन, माद्रिद फिरला. बड्या सरदारांना हरवायचा आणि मग त्यांनाच स्वतःच्या हाताने डावांच्या वह्या लिहून द्यायचा. त्यातला एक डाव मी मांडून पाहिला. राजा आपल्याच सोंगट्यांत कोंडला जातो आणि एकटा घोडा मात करतो. अंगावर काटा आला. परत मांडला, परत आला.

पण मला गार केलं ते पुढच्या पानाने. त्या काळी देशोदेशी नियम वेगळे. कॅसलिंगची, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायची रीत इटलीत एक, फ्रान्समध्ये दुसरी. हा पठ्ठ्या जाईल तिथल्या रीतीने खेळायचा आणि जिंकायचा. त्याच्याही आधी तर तिकडच्या राजाला एकदा उडी मिळायची. थेट आमच्या अप्पांच्या राजासारखी.

काकूंच्या फोनवर अप्पांना बोलावून घेतलं. एकदम माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून वाचूनच दाखवलं.

“शाळा नाही, मग वह्या कशा लिहिल्या त्यानं?”

“तेच तर, अप्पा.”

“आणि राजा उडायचा तिकडं?”

“उडायचा. मला ठाऊक नव्हतं. माझं चुकलं.”

मग म्हणाले, “घरी परत आला काय तो?”

“नाही. समुद्रापलीकडे कुठेतरी वारला म्हणतात. पस्तिशीही गाठली नाही.”

मागून काकू म्हणाल्या, “अहो, बोला की, बॅटरी संपतीय माझी!”

“पट हाय का तसाच?” अप्पांनी विचारलं. “मग घोडा सांभाळ तुझा. मी डबा घेऊन बसतो. जेवता जेवताच हरवतो तुला.”