मामांचा खिसा

देविदासमामा एक वेळ चपलेशिवाय घराबाहेर पडले असते, पण छातीवर खिसा नसलेला शर्ट त्यांनी कधी घातला नाही. कोणी भेटलं की आधी खिशावर दोन थापा, मग बोलणं. खिशात पैसे नसत, तंबाखूही नसे. घड्या घालून घालून कापडासारखी मऊ झालेली एक चिठ्ठी असे.

मामा अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. बारावीत मी दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा ‘विज्ञानाची गोडी लागावी’ म्हणून आईनं मला त्यांच्याकडे धाडलं. गोडी राहिली बाजूला, बेडकाची तंगडी पाहूनच मला घेरी आली. मामांनी नसेला विजेचा हलका झटका दिला, तंगडी उडाली. मग एका अँटिबायोटिकचे थेंब सोडले. झटके सुरूच, तंगडी मात्र हळूहळू गप्प.

“मेली?”

“अबे, मरते कायले? नसेच्या टोकातून एक रसायन सुटते, अ‍ॅसिटिलकोलीन. तो निरोप्या. या औषधानं त्याले दारातच अडवलं. तंगडी धडधाकट हाय, तिले निरोपच नाई भेटला.” मग दुसऱ्या, थकलेल्या तंगडीवर त्यांनी अ‍ॅड्रेनलिन टाकलं. ती पुन्हा उडू लागली. “हे भेवाचं हार्मोन. यानं थकल्या नसेतूनबी निरोपे जास्त सुटतात. वाघ मांगं लागला का माणूस पयते ना, ते असं.”

निवृत्तीनंतर त्यांना मायस्थेनिया झाला. निरोपे सुटायचे, पण स्नायूंवरची ते घेणारी दारंच बंद पडलेली. संध्याकाळ झाली की पापण्या खाली येत. निरोप आणखी अडवणाऱ्या औषधांची यादी म्हणजे ती चिठ्ठी. “माहा जीव या खिशात हाय बे,” ते म्हणत, आणि आम्ही हसत असू.

अकोल्याला माझ्या मुलीचं लग्न होतं. मी मामांना आहेर केला आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे अडूनच बसलो, आत्ताच अंगावर घाला!

“राहू दे ना बे, घरी घालतो.”

“नाही म्हणजे नाही!”

नवा शर्ट चढला, फोटो झाले. जुना शर्ट मीच मोठ्या तत्परतेनं पिशवीत कोंबला.

दुपारी मामांना थंडी वाजून ताप भरला. लघवीची जळजळ त्यांनी दोन दिवस लपवली होती. मामी नवरीजवळ होत्या, म्हणून मीच त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. “काही आजार? एखादं औषध चालत नाही का?” डॉक्टरांनी विचारलं. ग्लानीत मामांनी खिसा चाचपला. लग्नाच्या धांदलीत आजार, चिठ्ठी सगळं विसरून उत्तर मीच दिलं, “छे हो! रोज चार किलोमीटर फिरतात.” इंजेक्शन झालं.

तासाभरात मामा मंडपातल्या खुर्चीत मान टाकून बसले. “मामा झोपले,” कोणीतरी हसलं. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण आवाज नाकातून आला आणि विरला. मग हात कसाबसा छातीवरच्या खिशावर आपटला. एकदा. दोनदा. मला वाटलं, शर्ट आवडला. मी हसलोसुद्धा.

मग त्यांनी मांडीवर दोन बोटं ठेवली. बोटं उडाली, पुन्हा उडाली, आणि निपचित पडली.

तंगडी.

मामा पूर्ण शुद्धीत होते. सगळं ऐकत होते, आणि श्वास संपत चालला होता. मामींना हाका मारत मी पिशवीकडे असा पळालो, की वाघसुद्धा मागे राहिला असता. चिठ्ठीत चौथं नाव त्याच इंजेक्शनचं होतं.

मोठ्या दवाखान्यात मामा तीन दिवस यंत्राच्या श्वासावर होते. नळी निघाल्यावर मी पायाशी उभा राहून रडू लागलो. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “बेडकाचं बरं हाय बे भाच्या. त्याले कोनी आहेर नाई करत.”

त्यानंतर सहा वर्षं जगले. मागच्या हिवाळ्यात हृदयानं दगा दिला. अंघोळ घालून त्यांना नवा सदरा चढवला. मी खुंटीवरच्या जुन्या शर्टातून चिठ्ठी काढली आणि नव्या खिशात ठेवली.

“आता कायले रे बापा ते?” कोणीतरी म्हणालं.

मामी म्हणाल्या, “राहू द्या. ठेवू द्या त्याले.”