नखविरोधी पत्रक आणि माझी दहा नखं

माझा नखांना तात्त्विक विरोध आहे. माझी धाकटी बहीण सुजाता नखांनी गिटार वाजवायला लागली, त्याच आठवड्यात हा विरोध जन्मला, हा निव्वळ योगायोग!

अंबरनाथच्या आमच्या घरात गिटार एक आणि वाजवणारे दोन. मी नुसत्या बोटांनी वाजवायचो. सुजीने उजव्या हाताची नखं वाढवली आणि तारा अशा खणखणल्या, की शेजारच्या घरातून दाद आली. (मला तिथून फक्त भिंतीवर थापा यायच्या.)

"हिचं कसं खणखणीत वाजतं," आई म्हणाली. "तू वाजवलंस की वाटतं, कुणीतरी गादी झटकतंय."

मी पेटलो. लगेच पत्रक काढलं: 'नखं ही आयतखाऊंची निशाणी! श्रमणाऱ्या हाताला नख टिकत नाही!' घरोघर वाटलंही.

विहारातल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाची जबाबदारी सोनवणेकाकांकडे होती. ते म्हणाले, "पहिल्या गाण्याला तू वाजव, दुसऱ्याला ती. लोकांना जो आवडेल, तो आपल्या गायनपार्टीत."

गायनपार्टी! आणि तिथे सुजी? छे!

जयंतीच्या दुपारी मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका ब्युटी पार्लरमध्ये शिरलो. (अंबरनाथमध्ये सगळ्यांनी पत्रक वाचलं होतं.)

"सिर्फ राइट हँड," मी म्हणालो.

"एक हाथ का नहीं होता, बेटा," पार्लरवाली सिंधी आंटी म्हणाली. "दोनों का सेट है, सेम रेट. शादी है क्या?"

"शादी नहीं, संघर्ष है!"

"एक ही बात है," म्हणत तिने माझा हात ओढला.

सुजीची नखं एका हाताला, माझी दोन्ही हातांना. म्हणजे मी दुप्पट वादक! गुलाबी नखं खिशात लपवून थेट स्टेजवर गेलो.

सुजीने जुळवलेली गिटार हातात दिली. उजव्या हाताने तार छेडली... खणखणली! मग सूर धरायला डावी बोटं टेकवली, तर बोटांआधी नखंच लाकडावर! तारा दाबल्याच जाईनात. गाणाऱ्या ताई थांबल्या.

"दादा, डाव्या हाताला कुणी नखं लावतं का?" सुजी कुजबुजली. माइकमध्ये!

पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी पर्समधून पत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं, "नखं ही आयतखाऊंची निशाणी!" टाळ्यांचा कडकडाट! मला मिळालेल्या त्या एवढ्याच टाळ्या, त्याही लेखनाला.

सुजी गायनपार्टीत गेली. नखं मात्र निघेनात.

"पार्लरमध्ये काढून देतात," सुजी म्हणाली.

"पैसे कशाला घालवायचे?" आई म्हणाली. "श्रमणाऱ्या हाताला नख टिकत नाही ना? मग श्रम कर!" आणि विहारातल्या जेवणाची सगळी खरकटी पातेली तिने माझ्यापुढे रचली.

पत्रक शब्दशः खरं ठरलं. घासता घासता एकेक नख उडालं. आतून सुजीची गिटार ऐकू येत होती. मी चिडून आणखी जोरात घासायला लागलो.

"हां! आता कसं खणखणीत वाजतंय!" आई ओरडली.

मी जळफळत वर पाहिलं. आई चक्क माझ्याकडेच बघत होती. माझ्याकडे आणि पातेल्याकडे.