ऊन खाणारी गाडी

शेजाऱ्यांनी विजेवरची गाडी घेतली आणि ती छतावरच्या सोलरवरच चार्ज करायचं व्रतही घेतलं. रात्रीची कोळशाची वीज या सोवळ्या गाडीला चालत नाही. त्यामुळं गाडी दिवसभर दारात ऊन खात उभी असते आणि मालक माझ्या स्कूटरवर मागं बसून सात रस्ता चौकातल्या ऑफिसला जातात. मी पंपावर पेट्रोल भरताना नाकाला रुमाल लावून म्हणतात, “लई धूर करता बघा तुमी.”

रविवारी भर दुपारी माझ्या आईला भोवळ आली. शेजाऱ्यांनी चार्जिंगची वायर काढली, आम्हाला दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. आई सावरल्यावर हळहळले, “आजचं ऊन वाया गेलं की!”

सोमवारी पंपावर त्यांना रुमाल सापडेना. मी माझा दिला.