दसऱ्याची फ्लॉपी

"हिनंच फ्लॉपीतलं मिटवलं सगळं. उद्यापासून येऊ नोको म्हणून सांगून टाकलं हिले." हातातली पेटी मी खाली ठेवायच्या आतच मॅनेजरसाहेबांनी निकाल दिला.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. अड्याळच्या एका धान-बियाणे संस्थेत नुकताच कॉम्प्युटर आला होता. दोन हंगामांच्या चाचण्यांच्या नोंदी एकाच फ्लॉपीवर, आणि ती उघडेना. फ्लॉपी म्हणजे चौकोनी पाकिटातली पातळ चुंबकीय चकती. ती दुरुस्त करायला मी नागपूरहून आमच्या कंपनीचा 'पोर्टेबल' कॉम्प्युटर घेऊन एसटीने आलो होतो. पोर्टेबल म्हणजे त्याला मूठ होती, एवढंच. कंडक्टर म्हणाला, "शिलाई मशीन हाये का? लगेज लागन." काय दिवस होते ते! खांदा दुखायचा, पण छाती फुगायची.

टायपिस्ट सुनंदा दाराशी उभी होती. घरात कमावणारी ती एकटीच. "सर, मी कायले मिटवीन? दसऱ्याले मी गावाले, कोंढ्याले होती. वापस आली तं हे असं."

मी फ्लॉपी माझ्या मशीनमध्ये घातली. ड्राइव्ह खरखरला. तिथेच शंका आली. फाइल डिलीट केली तर तिचं नाव जातं, मजकूर बराच काळ तिथेच राहतो आणि चकती गुपचूप फिरते. खरखर म्हणजे काहीतरी घासतंय. फ्लॉपी काढून खिडकीशी धरली. पाकिटाच्या उघड्या फटीत लाल कण दिसले.

"साहेब, दसऱ्याला पूजा कोणी केली?"

"मीच. जीप, वजनकाटा, कॉम्प्युटर, सगळ्याईची. म्हटलं, कॉम्प्युटरचा जीव तं फ्लॉपीतच हाये, तिलेबी कुंकू..." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला.

बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणवलं. पाकीट कापून चकती धुतली, वाळवली आणि नव्या पाकिटात सरकवली. ड्राइव्हचं हेड स्पिरिटने पुसलं. फाइल उघडली तेव्हा सुनंदाने डोळ्यांना पदर लावला.

साहेब खाकरले. "उद्या टायमावर ये."

"उद्या इतवार हाये, साहेब."

"तं सोमवारी ये." मग म्हणाले, "माह्यं चुकलं, बाई."

पुढे पेटीतला कॉम्प्युटर खिशात मावू लागला आणि त्यातलं पुसलेलं शोधणं हाच माझा धंदा झाला. पण ती खरखर अजून कानात आहे. मशीन बिघडलं की सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याच्यावर मी सगळ्यात शेवटी संशय घेतो. अजून तरी पस्तावलो नाही.