परकं कोकरू आणि दाजींचा लॅपटॉप

आमच्या दाजींचं ऐकणार नाही अशी गाडी बारामती ते इंदापूर या पट्ट्यात अजून यायची आहे. हे मी मेव्हणा म्हणून बोलत नाही. म्हणजे तसंच बोलतोय, पण खरं बोलतोय. पिंपळीत त्यांचं गॅरेज आहे आणि त्या गॅरेजात ऑइलचा एक डाग सापडायचा नाही. चपला बाहेर काढूनच आत जायचं. गाडी आली की दाजी आधी हात धुतात, मग स्टिअरिंगखालच्या खोबणीत लॅपटॉपची वायर खोचतात, आणि इंजिन चालवणाऱ्या पेटीशी, म्हणजे ईसीएमशी, त्यांचं बोलणं सुरू होतं. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, गाडीला टेकायचं नाही, दार उघडायचं नाही. कन्हेरीच्या एका बागायतदाराला मध्येच शिंक आली, तर म्हणाले, "पाव्हणं, तुमी जरा उसात जाऊन शिंका." दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला हा माणूस आता पडद्यावरचा कसलाही परदेशी कोड वाचून सांगतो, "तीन नंबरचा इंजेक्टर रुसलाय," आणि तीन नंबरचाच रुसलेला असतो.

एवढ्या माणसाला एकाच माणसाची शाबासकी मिळत नव्हती. शेळगावला राहणारे त्यांचे वडील, आबा. आबांची हयात मेंढरांमागं गेली. "ह्याचं हात सांच्याला बी पांढरंच. ह्याला काय काम म्हणायचं व्हय?" असं ते चारचौघांत विचारायचे. दाजी हसून विषय बदलायचे. पण शेळगावहून आले की त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही, हे ताईनं मला कधीच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी आबांच्याच पिकअपची पेटी जळाली. दाजींनी भंगारातल्या तशाच गाडीची पेटी आणली आणि शेळगावच्या अंगणात लॅपटॉप जोडला. दुसऱ्या गाडीची पेटी नुसती बसवून भागत नाही. या गाडीनं तिला आपलं म्हणावं म्हणून तिच्यात सगळं नव्यानं लिहावं लागतं. पडद्यावरची पट्टी भरत भरत शेवटाला आली आणि आबांनी नव्या पेटीच्या नावानं नारळ फोडला. इथवर ठीक होतं. पण नारळ फुटला की हॉर्न वाजवायचाच, ही आमच्याकडची रीत. आबांनी खिडकीतून हात घालून तो तीनदा वाजवला. म्हातारी बॅटरी दबली, पट्टी थांबली आणि पेटी मेली.

दुसऱ्या कुणाला दाजींनी तालुक्याबाहेर घालवलं असतं. इथं म्हणाले, "चूक माझी हाय, आबा. जोडीला दुसरी बॅटरी लावाया पायजे हुती."

"पर तू करतुयास तरी काय?" आबांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं.

दाजी म्हणाले, "मेंढीचं कोकरू मेलं, की दुसरं बिनआईचं कोकरू तुमी तिला लावायचा न्हव का? मेलेल्या कोकराचा वास त्येला चोळून? तसंच हाय. गाडीला पेटी परकी वाटतीया. तिला हितला वास लावतुया."

आबा उठले. त्यांनी अंगणातल्या सगळ्यांना, मला धरून, फाटकाबाहेर काढलं. "कोकरू लावताना गलका करत न्हाईत," म्हणाले आणि काठी आडवी धरून स्वतः फाटकात बसले. दाजींनी ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, मेलेली पेटी उघडली आणि आत बारीक वायरी टेकवून सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहीत दोन तास खपले. दोन तास आबा खोकलेसुद्धा नाहीत. पिकअप पहिल्या चावीला सुरू झाली. आबांनी दाजींचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "पांढरंच हायती," म्हणाले, "पर मेंढक्याचं हायती." मग कनवटीचा भंडारा काढून लॅपटॉपच्या झाकणावर लावला. त्या दिवशी दाजी चार भाकरी जेवले. मी मोजल्या.

आबा यंदा उन्हाळ्यात गेले. दाजींच्या लॅपटॉपची दोन बटणं निखळली आहेत, पंखा घरघरतो. परवा मी म्हणालो, "दाजी, आता नवा घ्या."

"घिऊ की," ते म्हणाले. बोटाला धूळ लागली तरी हात धुणारा माणूस. झाकणावरचा तो पिवळा डाग मात्र त्यांनी अजून पुसलेला नाही.