टीव्ही गेममधली लाल बाहुली

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही जातो. तरी हे लिहितोय... कारण ताईच म्हणाली, एकदाचं लिहून टाक.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही जिंतूरला, मी कॉलेजात. मामांनी औरंगाबादहून टीव्ही गेम आणला होता. त्यात एक झपाटलेला बंगला — पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मेणबत्ती जळत राहायची, ती विझायच्या आत कोडी सोडवून बाहेर पडायचं. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून! खेळातली निळी बाहुली माझी, लाल माझ्या मोठ्या बहिणीची, सुलूताईची. कोडी ती सोडवायची, मी नुसता पळायचो. भुतांपेक्षा जिंतूरच्या सारख्या जाणाऱ्या लाइटनेच आम्हाला जास्त वेळा मारलं.

उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, राणीसावरगावला. मला अजिबात करमेना. तिची जॉयस्टिक मी काढून कपाटात ठेवली, दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून.

नागपंचमीला पंधरा दिवस होते. दुपारी एकटाच खेळत बसलो होतो. लाल बाहुली एरवी सुरुवातीलाच उभी असायची, तिला हलवणार कोण? त्या दिवशी ती चालायला लागली. सरळ एका बंद दारापाशी गेली आणि धडका देत राहिली... मेणबत्ती विझेपर्यंत. मशीन बिघडलं म्हणून मी बंद केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तेच दार.

तिसऱ्या दिवशी आईने पाहिलं. शेंगा फोडता फोडता थांबली.

"ही सुलीची बाहुली हाय नव्हं?"

मी मान हलवली.

"मग सकाळच्या गाडीनं जा तू."

वडील चिडले. पंचमीला मुराळी लेकीला आणायला जाईलच. आधीच दारात उभं राहिलं तर व्याही काय म्हणतील — त्यांचंही चूक नव्हतं. आईने ऐकलं नाही. पिशवीत धपाटे भरले, स्टँडपर्यंत सोबत आली. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, एवढंच म्हणाली.

परभणी, गंगाखेड अशा गाड्या बदलत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. घरचे सगळे खुरपणीला, दाराला बाहेरून कडी. शेजारच्या काकूंनी सांगितलं — सुनेला ताप आहे, गोळी देऊन गेलेत, कुत्रं शिरू नये म्हणून कडी लावलीय. कडी काढली. ताई दाराशीच पडली होती. अंग भाजत होतं, शुद्ध नव्हती.

शेजाऱ्यांच्या जीपने गंगाखेडला नेलं. विषमज्वर होता. उद्यावर गेलं असतं तर काही सांगता आलं नसतं, डॉक्टर म्हणाले. सासूबाई धावत आल्या आणि तिच्या पायाशी बसून रडल्या. साधा ताप समजल्या होत्या बिचाऱ्या. त्यांचा राग मला कधीच आला नाही.

दोन दिवसांनी ताईने डोळे उघडले.

"लय उशीर केलास," म्हणाली. "मेणबत्ती संपायली होती."

बाहुलीबद्दल तिला अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरून रडलो, सगळ्यांसमोर.

नंतर गेम मेकॅनिकला दाखवला. बिघाड निघाला नाही. ताप, भास, योगायोग... सगळं लावून पाहिलं, उत्तर आजही नाही. ताईने आता पन्नाशी ओलांडलीय. फोनवर तिचा आवाज जरा उतरलेला वाटला, की मी काय झालं म्हणून विचारत बसत नाही. सरळ गंगाखेडची गाडी धरतो.