नसरीनचं सी सर्टिफिकेट

नसरीनला खोलीवर परतायला उशीर झाला म्हणून मीच तिला फोन लावला होता. तिकडून एका पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, पुढारी बोलताय का?" क्षणभर मला काही कळलं नाही. मग आठवलं, तिनं माझा नंबर त्याच नावानं साठवला होता. मी मोर्चात जाते, पत्रकं वाटते, म्हणून मला चिडवायचं हे तिचं नाव. फोनवरचा माणूस दुधाच्या गाडीवरचा होता आणि त्याला वाटलं होतं की खरोखरच कुणी पुढारी आहे. तो अजिजीनं सांगत होता, "साहेब... म्हंजे मॅडम, इथं बायपासला एका पोरीला गाडीनं उडवलंय. पळत व्हती बिचारी. गाडी काय थांबली नाय. तुमचं वजन असंल तर ॲम्ब्युलन्स जरा लवकर धाडायला सांगा." माझं कसलं आलंय वजन... पुंडलिकनगरच्या आमच्या खोलीतून मी पायात येईल ती चप्पल घालून निघाले. पोहोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स आलेली होती आणि तिला कसलीच घाई नव्हती.

याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, 'भरतीची तयारी करणाऱ्या तरुणीचा अपघाती मृत्यू'. त्यातला 'अपघाती' हा शब्द मला मान्य नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नसरीन गंगापूरची. एसटी स्टँडजवळ तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्ही एका बाकावर आलो आणि पुढं एका खोलीत. त्याच वर्षी तिनं छात्रसेनेत, म्हणजे एनसीसीत, नाव घातलं. मला ते अजिबात पटलं नव्हतं. आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवायची सवय. खाकी रंग म्हणजे समोरच्या बाजूचा, एवढं मला लहानपणापासून ठाऊक. मी तिला म्हणाले, "उद्या मोर्चावर काठी चालवायला तूच येशील." ती बुटाला पॉलिश घासत होती. मान वर न करता म्हणाली, "येईन की. आन् तुला पैल्यांदा उचलीन. पर व्हॅनमधी खिडकीची जागा देईन, फिकर नको करू." छात्रसेनेतून मिळालेला गणवेश तिच्या दुप्पट मापाचा होता. अब्बांनी तो पुरा उसवून नव्यानं शिवला. त्यानंतर युनिटमधल्या निम्म्या मुली सुट्टीत आपले गणवेश तिच्या पिशवीत कोंबून गंगापूरला पाठवायच्या.

तिला ते सर्टिफिकेट कशासाठी हवं होतं, हे ती लपवत नसे. शाळेत मिळतं ते ए, कॉलेजात दोन वर्षांनी बी, आणि बी असेल तरच तिसऱ्या वर्षी सी. परेडला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, कॅम्प करावा लागतो, मग लेखी आणि मैदानावरची परीक्षा. पोलीस भरतीत सी असलेल्याला जास्तीचे गुण मिळतात. पदवीधराला सी चांगल्या श्रेणीत मिळालं, वय बसलं आणि लग्न झालेलं नसलं, तर सैन्यात अधिकारी व्हायला लेखी परीक्षेवाचून थेट मुलाखतीचंही दार आहे. मी एकदा विचारलं, तिथं का जात नाहीस? म्हणाली, "ती मुलाखत पाच दिवस चालती म्हणं. पाच दिवस इंग्रजीत हसायचं? मला नाय जमायचं. मला शिपाई व्हायचंय, गंगापूरच्याच ठाण्यात. आपल्याकडची बाई ठाण्यात गेली की भाहीरच उभी ऱ्हाती. मधी कुणीतरी बसलेलं पायजे का नको?"

सीच्या परीक्षेत कॅडेटला तुकडीपासून लांब उभं राहून हुकूम द्यावे लागतात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतील असे. नसरीनचा आवाज एवढासा. मशीनच्या खडखडीत बोलायची सवय असूनही एवढासाच. खोलीत ओरडावं तर घरमालकीण वर यायची. मग गारखेड्याच्या बाजूला एका मैदानावर मी तिला घेऊन जायची. माझ्याकडं तेवढी एकच विद्या होती. घोषणा गळ्यातून द्यायची नसते, पोटातून द्यायची असते, हे मी तिला दाखवलं. मी एका टोकाला एकटीच उभी, ती दुसऱ्या टोकाला, आणि तिच्या 'दाहिने मुड'वर मी मुकाट उजवीकडं वळत होते. एकदा क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून हसत बसली. त्यांतल्या एकानं माझ्याकडं बोट करून नसरीनला विचारलं, "ताई, हिनं काय चोरलंय?" त्या दिवशी नसरीनचा आवाज पहिल्यांदा कुंपणाला लागून परत आला. तीच दचकली.

ती परीक्षा पास झाली, ए ग्रेडमध्ये. निकाल लागला, पण सर्टिफिकेट काही येईना. दरम्यान पोलीस भरतीची जाहिरात निघाली. सर्टिफिकेट अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हातात असलं तरच त्याचे गुण धरणार होते. निकालाचा कागद चालणार नव्हता. ती कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालत राहिली. कारकून दर वेळी सांगायचा, "आलं की कळवू." शेवटची तारीख गेली. अर्ज भरताना त्या रकान्यात तिला 'नाही' लिहावं लागलं. मी संतापून पत्रक काढायला निघाले होते. तिनं मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे, पुढारी. कागदाचे मार्क नाय भेटले तर पायाचे घेऊ. धावण्यात शेकंद कमी केले की तेवढेच मार्क वाढत्यात."

पायाचे मार्क घ्यायला मैदान लागतं. आम्ही जिथं ओरडायचो ते मैदान लग्नसराईसाठी भाड्यानं गेलं होतं. मांडव, जनरेटर, चारी बाजूंनी पत्रे. दुसऱ्या एका ठिकाणी सभासद असल्याशिवाय आत सोडत नव्हते. मग भरतीची सगळी पोरं-पोरी जिथं जातात तिथं तीही गेली, बायपासवर, उजाडायच्या आधी, ट्रकच्या बाजूनं. रोज परत आली की भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "आज पाय गुमान ऐकले." मी अर्धवट झोपेत हूं म्हणायची.

...दफन झाल्यानंतर अब्बा शहरात आले. तिचं सामान न्यायचं होतं आणि कॉलेजात काही राहिलं असेल तर तेही. मी त्यांच्याबरोबर गेले. ऑफिसात तोच कारकून होता. त्यानं कपाट उघडलं, एक गठ्ठा काढला, त्यातून नसरीनचं सी सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. मी विचारलं, कधी आलं? तो कपाट लावता लावता म्हणाला, "आता तारीख कुठं आठवती मॅडम, लई दिवस झाले, भरतीची जाहिरात निघायच्या आधीच आली होती. पाहुण्यांच्या हस्ते वाटायची होती. पाहुण्यांची तारीखच भेटंना. कार्यक्रमाच्या आधी कुणाला द्यायची नाहीत, असं वरून सांगितलं होतं. पोरं आधीच घेऊन गेली, तर कार्यक्रमाला कोण बसणार?"

म्हणजे ते आलेलं होतं. ती दारात विचारत होती तेव्हाही ते तिथं होतं, तिच्यापासून एका कपाटाच्या पत्र्याएवढ्या अंतरावर, एका हारासाठी आणि एका फोटोसाठी राखून ठेवलेलं. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, पोटातून बोलले. बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं आत डोकावली. अब्बांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "नक्को बेटा. तो नौकर आदमी." मग त्यांनी सर्टिफिकेट उचललं. त्यावर तिचा गणवेशातला फोटो होता. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "कॉलर उजव्या अंगाला उचललीय. मी म्हणलो व्हतो, परत शिवून देतो. ऐकली नाय." आणि मग कारकुनाला, अगदी हळू आवाजात, "साहेब, हिची धाकटी भैन हाय, अकरावीला. तिला हे चालंल का?"

कारकून खाली बघत म्हणाला, "नाय चाचा. ज्याचं त्यालाच असतं." एवढं एक त्यानं खरं आणि वेळेवर सांगितलं.

आजवर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. त्यांत मागण्या असतात, एकाखाली एक. या वेळी एकच आहे. ज्याचा कागद आहे, तो आला त्या दिवशी त्याच्या हातात द्या. पाहुणे नंतर बोलवा, हवं तर आयुष्यभर बोलवा.

नसरीनची एक खोड होती. कुणाहीबरोबर चालताना पावलं जुळली नाहीत की तिला चैन पडायचं नाही. भाजीची पिशवी हातात असली तरी बोलता बोलता मध्येच एक लहानशी उडी घ्यायची, पाय बदलायची, आणि डाव्याला डावा. मी मुद्दाम चुकवायची, ती परत जुळवायची. त्या दिवशी ऑफिसातून निघाल्यावर मी भराभरा चालत होते, कुणाशीही भांडायच्या तयारीत. अब्बा शेजारून चालले होते, सर्टिफिकेट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेलं. झाडाखालून जाताना त्यांनी मध्येच एक लहानशी उडी घेतली, पाय बदलला, आणि माझ्या डाव्या पावलाशेजारी त्यांचं डावं पाऊल पडलं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं. मी चाल कमी केली. रिक्षा मिळेपर्यंत पाऊल चुकू दिलं नाही.